दवाखाना फडावर गेला पाहिजे

दसरा-दिवाळी उलटली की बीड जिल्ह्यातील केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार आणि शेजारच्या पाथर्डी तालुक्यातील गावे रिकामी होऊ लागतात. घराला कुलूप लागते. म्हातारी माणसे व शाळेत जाणारी काही पोरे मागे राहतात. नवराबायको भांडीकुंडी, कोयते, अंथरूण आणि पाळण्यातले लेकरू गाडीवर चढवून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे किंवा थेट सीमेपलीकडील बेळगाव-बागलकोटच्या साखर कारखान्यांच्या हद्दीत जातात. मार्च-एप्रिलपर्यंत ही माणसे आपल्या गावची उरत नाहीत आणि ज्या गावी राबतात त्या गावचीही होत नाहीत. या पाच-सहा महिन्यांत ती आजारी पडली तर त्यांना औषध कोणी द्यावयाचे, हा प्रश्न आज आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत.

वाचकहो, हा प्रश्न परक्याचा समजू नका. ऊसतोडीच्या टोळ्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा, भिल्ल आहेत. ज्यांना जमीन नाही, किंवा आहे ती पोटापुरते पिकवीत नाही, अशा सर्व जातीजमातींची माणसे आहेत. आपल्यापैकी अनेकांचा भाऊ, बहीण, मेहुणा किंवा सून त्यांत आहे. ज्यांनी जुनी बलुत्याची कामे स्वाभिमानाने सोडली, त्यांतील कित्येकांच्या हाती नव्या काळाने कोयता दिला. म्हणून या कोयत्याच्या धारेवर माणसाचे काय होते, हे पाहणे आपले कर्तव्य आहे.

या धंद्यात माणसाची गणती माणूस म्हणून होत नाही. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर तो अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यात येतो, उचल देतो आणि ती उचल फेडण्यासाठी जोडपे हंगामभर बांधले जाते. पहाटेच्या अंधारात फडात उतरावयाचे, ऊस तोडावयाचा, साळावयाचा, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोक्यावर घेऊन गाडी भरावयाची. गाडी रात्री आली तर रात्री भरावयाची. दोघांपैकी एक जण एक दिवस पडून राहिला तर तो खाडा होतो. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर पाचशे रुपये वा त्याहून अधिक खाड्यापोटी कापले जातात. म्हणजे ज्या दिवशी औषधाला पैसा हवा, नेमक्या त्याच दिवशी मिळकत बंद पडून अंगावर कर्ज चढते. अशा स्थितीत आजारी मनुष्य दवाखान्यात का जात नाही, असे विचारणाऱ्याने आधी खाड्याचा हिशेब समजून घ्यावा.

दुसरी अडचण रचनेची आहे. आपली सरकारी आरोग्यव्यवस्था गावाच्या हिशेबाने उभी आहे. उपकेंद्र ठरावीक गावांसाठी, आशा कार्यकर्ती ठरावीक वस्तीसाठी, अंगणवाडीच्या पटावर त्या गावची मुले. ज्याचे घर एका जागी आहे त्याला ही रचना उपयोगी पडते. परंतु ऊसतोड कामगाराचे नाव ज्या वहीत आहे त्या गावी तो नाही, आणि तो जेथे आहे तेथील वहीत त्याचे नाव नाही. एका गावची परिचारिका त्याच्या कुलपाकडे पाहून परत जाते. दुसऱ्या गावची परिचारिका उसाच्या रानात टाकलेल्या कोपीपर्यंत पोहोचत नाही. दोघींच्या कागदात चूक नसते, आणि तरी लेकरू लसीवाचून राहते.

रोगाचे पंचांग आणि हंगामाचे पंचांग शेजारी ठेवून पाहा. कार्तिकात जन्मलेल्या बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात लस द्यावी लागते. नोव्हेंबरच्या आरंभी जन्म झाला असेल तर हे तीनही दिवस डिसेंबर, जानेवारी व फेब्रुवारीत येतात. तिन्ही वेळा ते बाळ फडावर असते. गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. १८० दिवस म्हणजे सबंध हंगाम. साध्या क्षयरोगाचा औषधोपचार सहा महिन्यांचा, तोही हंगामाएवढाच. गोळ्या मध्येच सुटल्या तर रोग पुन्हा उसळतो, आणि मग साधी औषधे त्याला दाद देत नाहीत. उपचाराची ही सारी मापे सहा महिन्यांची, आणि आपल्या माणसाची गावातील अनुपस्थितीही तेवढ्याच महिन्यांची. हा दुर्दैवाचा खेळ नाही. व्यवस्था करताना हा मनुष्य कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हता, एवढाच याचा अर्थ.

याची सर्वांत जबर किंमत स्त्रियांनी दिली आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याची ओरड झाली, तेव्हा विधानपरिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढून टाकलेली आढळली. हे प्रमाण दर सहा स्त्रियांमागे एक असे पडते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभरचे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवल्यावर आणखी पुरावा मागण्याची गरज कोणाला वाटू नये.

यावर पुष्कळ लिहिले गेले. मुकादमांना पाळी नसलेली बाई कामाला बरी वाटते असा आरोप झाला. काही खासगी डॉक्टरांच्या लोभाचाही आरोप झाला. त्यांची चौकशी व्हावी, दोषींना शासन व्हावे. परंतु त्या स्त्रीला शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत आणणारी वाट कोठून सुरू होते, ते आपण नीट पाहिले पाहिजे. कोपीजवळ संडास नाही, नहाणी नाही, स्वच्छ पाण्याचा भरवसा नाही. पाळीच्या दिवसांत तेच ते कापड, तेही नीट न सुकलेले. जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरे जाऊ लागते, ओटीपोट दुखते, कंबर धरते. या दुखण्यावर वेळीच औषध मिळाले तर ते बहुधा काही दिवसांच्या गोळ्यांनी बरे होण्याजोगे असते. पण गोळ्या देणारे फडाजवळ कोणी नाही, आणि दूर जावे तर खाडा. ती सोसते. हंगामामागून हंगाम सोसते. गावी परतल्यावर दुखणे जुने झालेले असते. मग कोणी तरी सांगते की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कर्करोग होईल. घाबरलेली ती बाई कर्ज काढून पिशवी काढून घेते, आणि ते कर्ज फेडण्यासाठी पुढील वर्षाची उचल घेते. या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सहा आठवडे जड ओझे उचलू नये असे डॉक्टर सांगतात; तिच्या डोक्यावर मात्र मोळी तयार असते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले गेले असेल तर ऐन तारुण्यात हाडे ठिसूळ होण्याचे व हृदयविकाराचे भय मागे लागते.

या प्रकारानंतर बीड जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असा निर्बंध घालण्यात आला. निर्बंध योग्यच होता. पण त्याने सुरी थांबते, वेदना थांबत नाही. ज्या बाईला परवानगी नाकारली तिचे ओटीपोट उद्याही दुखणार आहे. आमचे म्हणणे एवढेच की लहान उपचार जवळ नाही, म्हणून मोठी शस्त्रक्रिया वाट्याला येते. तो लहान उपचार तिच्या कोपीपर्यंत नेऊन पोहोचविणे हाच या रोगावरचा खरा उपाय आहे.

यावर अधिकारी मंडळी एक उत्तर देतात. ही माणसे आज येथे, उद्या तेथे. त्यांना शोधावयाचे कोठे? हे उत्तर ऐकून आम्हांस नवल वाटते. कारखान्याच्या शेतकी विभागाला कोणत्या दिवशी कोणती टोळी कोणत्या गटात तोडणी करणार हे ठाऊक असते. ठाऊक नसेल तर गाळप एक दिवस चालणार नाही. चिटबॉय त्या टोळीपर्यंत रोज पोहोचतो. कोणत्या टोळीने किती टन घातला हे वजनकाट्यावर लिहिले जाते. ज्याला उसाच्या टनाचा पत्ता सापडतो, त्याला तो ऊस तोडणाऱ्याचा पत्ता सापडत नाही, हे कोणी मानावे? कारखान्याने आपला तोडणीचा कार्यक्रम दर आठवड्याला तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती द्यावा. एवढ्या एका कागदाने फिरत्या दवाखान्याचा मार्ग ठरतो.

फिरता दवाखाना ही कल्पना नवी नाही. आपल्याच राज्यात नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेच्या काठच्या आदिवासी पाड्यांना रस्ता नव्हता, तेथे पाण्यावरून तरंगता दवाखाना नेण्यात आला. राष्ट्रीय आरोग्य अभियानात फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद आहे. परदेशातही हे झाले आहे. अमेरिकेत हंगामागे फिरणाऱ्या शेतमजुरांच्या हलाखीकडे दुर्लक्ष करणे अशक्य झाले, तेव्हा १९६२ साली तेथील सरकारने त्यांच्या आरोग्यासाठी स्वतंत्र कायदा केला. त्याच्या पैशातून मजुरांसाठी दवाखाने उभे राहिले आणि मजुरांच्या छावण्यांवर संध्याकाळी जाणारी पथके निघाली. जे पाण्यावर जमले आणि जे परमुलखात जमले, ते कोल्हापूर-सांगलीच्या डांबरी रस्त्यांवर जमू नये, याला कारण कोणते?

तथापि गाडी आली म्हणजे काम झाले असे समजू नका. हंगामात एकदा शिबिर भरते, फीत कापली जाते, सर्वांना एकाच रंगाच्या गोळ्या वाटल्या जातात आणि छायाचित्र निघते. याला आरोग्यसेवा म्हणत नाहीत. आपण मागावयाचा तो दवाखाना कसा असावा, हे आपल्याला स्वच्छ सांगता आले पाहिजे. तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या ठिकाणी यावा आणि टोळी फडातून परतल्यावर, म्हणजे संध्याकाळी यावा. सकाळी अकरा वाजता रिकाम्या कोप्यांपुढे उभी राहणारी गाडी निरुपयोगी. त्यात स्त्री डॉक्टर, निदान शिकलेली परिचारिका असावी आणि आडोशाची जागा असावी, कारण पुरुषांच्या घोळक्यात कोणतीही बाई आपले खरे दुखणे बोलणार नाही. रक्तातील लोह, रक्तदाब, साखर, लघवी यांची तपासणी तेथल्या तेथे व्हावी. तीस वर्षांवरील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाची सौम्य आम्ल लावून करावयाची तपासणी शिकलेली परिचारिकाही करू शकते. ती झाली तर कर्करोगाची खोटी भीती दाखवून कोणी तिला लुबाडू शकणार नाही, आणि खरा रोग असेल तर तो वेळेवर सापडेल. कोयत्याच्या जखमेवर टाके व धनुर्वाताची लस मिळावी. सर्पदंश झाल्यास सर्पविषावरील औषध कोणत्या जवळच्या केंद्रात आहे, ते प्रत्येक टोळीला हंगामाच्या पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे. पण ती मनुष्य कोसळल्यावर धावते. मनुष्य कोसळू नये म्हणून येणारी गाडी आपल्याला हवी आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. आज इचलकरंजीजवळ तपासलेली बाई पुढील महिन्यात दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत असेल आणि चैत्रात केजला परतेल. तिचा कागद तिच्याबरोबर गेला पाहिजे आणि तिच्या गावच्या आरोग्य केंद्रानेही तो वाचला पाहिजे. असे झाले तरच मध्येच सुटलेली गोळी पुन्हा सुरू होईल. सेवा गावाला न बांधता माणसाला बांधणे, हे या मागणीचे मर्म आहे.

आता खर्चाचा प्रश्न. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामकरी स्त्रियांच्या प्रसूतिकाळातील सवलतीचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मुख्य भार सरकारने उचलावा, आणि जो मालक स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवितो त्यानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती. ते मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्यविम्याची जी आखणी सुरू झाली, तिला पुढे १९४८ च्या राज्य विमा कायद्याचे रूप आले. परंतु त्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळले गेले, आणि साखर कारखाना हंगामी गणला जातो. फडातला तोडकरी तर कारखान्याच्या भिंतीच्याही बाहेर. १९७९ साली परप्रांतात नेलेल्या मजुरांसाठी कायदा झाला. त्यात ठेकेदाराने मोफत वैद्यकीय सोय करावी असे कलम होते. पण तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यापुरता. म्हणजे बीडहून बेळगावला गेलेला मजूर कागदावर तरी त्यात आला. बीडहून कोल्हापूरला गेलेला त्याचा सख्खा भाऊ आला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले म्हणून कोपीत औषध येत नाही, हे आपण अनुभवाने जाणतो.

तरीही पैसा नाही असे कोणी म्हणू नये. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ स्थापन झाले आहे. कारखान्यांनी गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी असे या दशकाच्या आरंभी ठरले. ५ लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हा हिशेब शासनाच्या भरीसह १ कोटी रुपयांचा होतो. त्यातून त्या कारखान्याच्या हद्दीत एक फिरता दवाखाना हंगामभर चालविणे अशक्य आहे काय? बाबासाहेबांनी १९२८ साली सांगितलेले तत्त्व, सरकारचा भार आणि लाभ घेणाऱ्याचा वाटा, येथे तंतोतंत लागू पडते. उरतो तो अंमलबजावणीचा प्रश्न, आणि अंमलबजावणी मागितल्यावाचून होत नसते. जानेवारी २०२४ च्या समझोत्यात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले, ते संघटित होऊन मागितले म्हणून. दराइतक्याच निकडीने आता दवाखाना मागितला पाहिजे.

ही मागणी भिकेची समजू नका. राज्यघटनेच्या ४२ व्या कलमाने कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ४७ व्या कलमाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरविले आहे. १९९६ साली पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या समितीने चालविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निकडीच्या वेळी सरकारी रुग्णालयाने उपचार नाकारणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, आणि पैशाच्या टंचाईची सबब राज्याला पुढे करता येणार नाही. हा निकाल एका शेतमजुराला दारोदार फिरूनही सरकारी रुग्णालयात जागा मिळाली नाही, त्यातून निघाला. तो मजुरांनीच मिळविला आहे, तेव्हा तो मजुरांनीच वापरला पाहिजे.

वाचकहो, शासनाने काय करावे हे सांगून आमचे काम संपत नाही. आपण काय करावे, तेही सांगणे प्राप्त आहे. ज्या गावातून टोळ्या निघतात तेथील तरुणांनी टोळी निघण्यापूर्वी घरोघर जाऊन यादी करावी: कोण गरोदर आहे, कोणाला क्षयाचे औषध चालू आहे, कोणते मूल कोणत्या लसीला आले आहे, टोळी कोणत्या कारखान्याला जाणार आहे. ही यादी ग्रामसभेत वाचून आरोग्य केंद्राकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. माता-बाल संरक्षण कार्ड, आयुष्मान कार्ड, जुन्या तपासण्यांचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बरोबर न्यावेत. उचलीचा कागद जसा जपता, तसेच हेही जपावेत. पिशवी काढण्याचा सल्ला कोणी दिला तर सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखविल्यावाचून कोणाही भगिनीने संमतीचा अंगठा उठवू नये, आणि घरच्या पुरुषाने तिच्यावर घाई लादू नये. ज्या गावी फड पडतो त्या गावातील आपल्या बांधवांनी संध्याकाळी कोप्यांकडे एक फेरी मारावी, आजारी कोण आहे ते पाहावे, केंद्राचा रस्ता दाखवावा. ही विचारपूस करताना जात पाहू नये. कोपीत पडलेल्याला ताप येतो तेव्हा तो जात विचारून येत नाही. आणि आपल्या घरांतून जे डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते झाले आहेत, त्यांनी आपल्या शिक्षणासाठी कोणत्या आईने मोळ्या वाहिल्या याची आठवण ठेवून हंगामातले काही दिवस या कामाला द्यावेत.

भगवान बुद्धांच्या चरित्रातील एक प्रसंग आपणांस ठाऊक आहे. भिक्खूंच्या निवासातून फिरत असता त्यांना अतिसाराने ग्रासलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत एकटा पडलेला दिसला. कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला त्याच्या कर्तव्याची जाणीव दिली. या प्रसंगात रोगी वैद्याकडे आला नाही. शुश्रूषा करणारा तेथे गेला, जेथे रोगी पडला होता.

आज आपला रोगी कोपीत पडला आहे. त्याने उठून, खाडा सोसून, परक्या गावात दवाखान्याची वाट विचारीत यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. पुढील हंगामाच्या टोळ्या ठरण्यापूर्वी, उचल वाटली जाण्याच्या दिवसांत, प्रत्येक गावाने ग्रामसभेचा ठराव करावा आणि जिल्हा परिषदेला, महामंडळाला व ज्या कारखान्याला आपली माणसे जातात त्या कारखान्याला धाडावा. ठरावाचे वाक्य एकच असावे: आमचे कोयते जेथे जातील तेथे दवाखाना आला पाहिजे. ऊस वेळेवर तुटावा ही कारखान्याची निकड आहे. तो तोडणारे हात धड राहावेत, ही आपली निकड आहे. आपण ती सांगितल्यावाचून दुसरे कोणी सांगणार नाही.